खाट नंबर शून्य

नर्सिंग कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला, प्रात्यक्षिकाची खोली होती. खोलीत सहा खाटा होत्या. पाच रिकाम्या आणि सहावीवर काका. खाटांना नंबर देणारा माणूस काकांची खाट मोजायला विसरला होता, त्यामुळे इतरांना एक ते पाच मिळाले आणि काकांच्या वाट्याला शून्य आलं. काकांनी तक्रार केली नाही. काका रबराचे होते.

उंची पाच फूट सात इंच. दंडांना, मांड्यांना आणि कमरेला स्पंजाच्या गाद्या, डाव्या हाताच्या आतल्या बाजूला कातडीसारखा पातळ चौकोन. कारखान्यात रंगवलेले दोन तपकिरी डोळे, आणि चेहऱ्यावर लग्नात अनोळखी लोकांच्या टेबलावर बसवलेल्या माणसाचा असतो तसा भाव. उशाशी त्यांची फाईल लटकत असे. वय पंचेचाळीस. गेली अकरा वर्षं पंचेचाळीसच. आजाराच्या रकान्यात कुणीतरी फार पूर्वी लिहून ठेवलं होतं, ‘धड्याप्रमाणे’.

या काकांवर जिचं सगळं आयुष्य अडून बसलं होतं त्या मुलीला वर्गात ‘मशीन’ म्हणत. पूर्ण नाव ‘शिलाई मशीन’. तिच्या हातात सुई आली की ती वरखाली व्हायची, आणि तीसुद्धा चांगल्या वेगात. एरवी तिचा हात दगडासारखा स्थिर. एकटी असली तर ती काठोकाठ भरलेला चहाचा कप तीन जिने चढवून नेई. पण कुणी बघतंय असं कळलं की बोटांना कापरं भरे. इंजेक्शनच्या प्रात्यक्षिकात ती दोनदा नापास झाली होती. पहिल्या खेपेला औषध स्वतःच्या ग्लोव्हवर उडालं. दुसऱ्या खेपेला सुई काकांच्या दंडात एकदा गेली, खाटेच्या गादीत एकदा, आणि परीक्षकांनी आपला हात वेळीच मागे घेतला म्हणून तिथेच थांबली. नियमात तीन संधी होत्या. तिसरी गेली की नाव कमी. मग घर, आणि घरी थोरला भाऊ.

“हात कापतो ना? चांगलं आहे,” भाऊ म्हणाला होता. “परत ये. आपला मिक्सर बंद पडलाय.”

बाबांची गोष्ट निराळी. त्यांनी मुलगी नर्स झाली असं आधीच सगळीकडे सांगून टाकलं होतं. शेजाऱ्यांना, बँकेतल्या शिपायाला, चुकून नंबर लागलेल्या एका माणसाला. त्या माणसाने अभिनंदनही केलं होतं.

तिसऱ्या परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा मशीनने ट्यूटरबाईंकडे जेवणाच्या सुट्टीत खोली वापरायची परवानगी मागितली. ट्यूटरबाईंना मुली मागून ‘पाचबरोबर मॅडम’ म्हणत. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. ही पाच बरोबर असल्याशिवाय त्या कुणाला सुईला हात लावू देत नसत, आणि बहुधा घरी नवऱ्याला भाजीही वाढत नसत.

“वापर,” मॅडम म्हणाल्या. “पण एकटी आहेस म्हणून चालढकल नको. जिवंत माणूस समजून करायचं. काकांना नाव विचारायचं, काय करतेय ते सांगायचं, टोचल्यावर ‘दुखलं का’ विचारायचं. त्यांनी उत्तर दिलं नाही तर तो त्यांचा प्रश्न. आपण विचारायचं.”

तर एक ते दोन ही वेळ मशीन आणि काकांची झाली. खिडकीतून पिवळं ऊन यायचं, स्पिरिट आणि तापलेल्या रबराचा वास मिसळून तरंगायचा, आणि भिंतीवरचं घड्याळ प्रत्येक सेकंदाला जीभ टाळ्याला लावून सोडल्यासारखा आवाज करायचं. मशीन हात धुवायची. बाटलीवरचं लेबल तीनदा वाचायची: उचलताना, भरताना, ठेवताना. बाटल्या खऱ्या औषधांच्या, पण आत नुसतं पाणी. जेवढं पाणी काढायचं तेवढी हवा आधी आत सोडायची, सिरिंजवर टिचकी मारून बुडबुडे वर आणायचे. “काका, दंडात इंजेक्शन देतेय. हात सैल सोडा.” नव्वद अंशात सुई. “दुखलं का?” मग सुईला टोपण न लावता सरळ सुयांच्या डब्यात. एकटी असताना सगळं झकास जमायचं.

पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट तिच्या लक्षात आली. ती सिरिंज भरून वळायची तेव्हा काकांचं तोंड भिंतीकडे असायचं.

“मानेचा स्क्रू ढिला आहे,” खोली झाडायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या. त्या काकांना रोज ओल्या फडक्याने पुसत, आणि कानामागेही पुसत, जे कॉलेजने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. “मी सकाळी सरळ करते. ते फिरवतात.”

“कोण फिरवतं?”

“सुई बघवत नाही कितीतरी जणांना,” मावशी म्हणाल्या आणि बादली घेऊन गेल्या.

मशीनने काकांचं डोकं धरून सरळ केलं. मानेत ‘कर्र’ असा बारीक आवाज झाला. ढिल्या स्क्रूचा आवाज ढिल्या स्क्रूसारखाच असतो. प्रश्न मिटला.

दुसऱ्या आठवड्यात दंडाची गादी घट्ट वाटायला लागली. सुई टोचायच्या आधी मऊ, टोचताना कडक. तिने “हात सैल सोडा” म्हटलं आणि गादी सैल झाली. तिला आधी बरं वाटलं, कारण एवढ्या वर्षांत तिचं कुणी ऐकल्याची ही पहिलीच वेळ होती. मग तिला वाटलं, ऊन. ऊन आलं की रबर सैल पडतं. मग तिने खिडकीकडे पाहिलं. आभाळ आलं होतं.

रात्री होस्टेलवर तिने हे सोबतिणीला सांगितलं. या सोबतिणीला सगळे ‘बातमी’ म्हणत, कारण कॉलेजमधली कुठलीही गोष्ट घडायच्या आदल्या दिवशी तिला ठाऊक असे.

“तू दमलीयेस,” बातमी म्हणाली. “आणि खरी गोष्ट ऐक. परीक्षेला बाहेरून नवीन परीक्षक येणारेत. बाई आहेत. मागच्या कॉलेजात एका बॅचमधल्या नऊ जणी नापास केल्या.”

“किती जणींपैकी?”

“ते कशाला विचारतेस? झोप.”

आता इथे एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीमुळे झालं.

पेनिसिलिनसारखं औषध देण्याआधी त्याचा एवढासा थेंब हाताच्या आतल्या कातडीत टोचतात. सुई जवळजवळ आडवी धरून, कातडीच्या वरच्या पदरात. भोवती पेनने गोल काढतात आणि पंधरा मिनिटं थांबतात. गोलात गांध उठली, लाली पसरली, तर त्या माणसाला ते औषध सोसत नाही. द्यायचं नाही. दिलं तर माणूस श्वास घ्यायला धडपडतो, आणि कधीकधी धडपडायचंही थांबतो.

पण वर्गात बावीस मुली, काका एक, आणि तास पन्नास मिनिटांचा. बावीस गुणिले पंधरा हे कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही. म्हणून रिवाज असा पडला होता: टोचा, गोल काढा, मोठ्याने म्हणा “पंधरा मिनिटं झाली”, फाईलमध्ये लिहा ‘टेस्ट निगेटिव्ह’, आणि पुढचं इंजेक्शन ठोका. अकरा वर्षं काकांची पंधरा मिनिटं चार सेकंदांत होत होती. मशीनही तसंच करायची. स्वतः पाचबरोबर मॅडमसुद्धा तसंच शिकवायच्या. रबराला काय सोसायचं आणि काय नाही?

परीक्षेला आठ दिवस उरले होते. मशीनने पेनिसिलिनचं लेबल असलेल्या बाटलीतून थेंबभर पाणी काढलं, काकांच्या डाव्या हातावर टोचलं, हिरव्या पेनने गोल काढला. एकटी असूनही तिला गोल कधी जमत नसे. तो बटाट्यासारखा व्हायचा, एका बाजूने फुगलेला. ती “पंधरा मिनिटं” एवढं म्हणाली आणि ‘झाली’ म्हणायच्या आत फोन वाजला. आई.

आईचा फोन हा पंधरा मिनिटांपेक्षा कमी कधीच नसतो. भावाने मिक्सर उघडला होता आणि आता त्यात तीन स्क्रू जास्त भरले होते. बाबांना परीक्षेची तारीख सांगू नकोस, ते केक सांगून ठेवतील. जेवलीस का? मग का नाही जेवलीस? मशीन खिडकीशी उभी राहून हं-हं करत होती. फोन ठेवून ती वळली.

गोलाच्या आत गांध उठली होती.

नखाएवढी, मधे फिकट, कडेने लाल. मशीन वाकली. पाणी गळून रबर फुगलं असेल. तिने कापूस लावून पाहिला. कोरडा. तिने बोट टेकवलं. काकांचा सगळा हात खोलीइतका गार होता. तेवढी जागा कोमट होती.

मशीन मूर्ख नव्हती. तिने खुर्ची ओढली, डबा उघडला, जेवता जेवता पाहत राहिली. पंचवीस मिनिटांनी गांध उतरली. चाळीस मिनिटांनी नुसता बटाटा उरला.

दुसऱ्या दिवशी तिने साध्या पाण्याच्या बाटलीतून थेंब घेतला आणि पंधरा मिनिटं थांबली. काही नाही. त्याच सुट्टीत दुसऱ्या एका औषधाचं लेबल असलेल्या बाटलीतून. काही नाही. तिसऱ्या दिवशी पेनिसिलिनच्या लेबलची बाटली. गांध. तिन्ही बाटल्या मावशींनी एकाच नळाखाली, तिच्या देखत भरल्या होत्या. म्हणजे काका लेबल वाचत होते. वर्गातल्या निम्म्या मुली ते करत नव्हत्या. चौथ्या दिवशी तिने पेनिसिलिनचीच बाटली पाठीमागे धरून, काकांना दिसणार नाही अशी भरली, आणि स्वतःच्या या खबरदारीची तिला जरा लाज वाटली. गांध उठली. काकांचं तोंड भिंतीकडेच होतं.

“दुखलं का?” तिने सवयीने विचारलं. आणि मग, उत्तर येईल की काय असं वाटून, भरभर सामान आवरलं.

त्या दिवशी तिने फाईल पहिल्या पानापासून वाचली. अकरा वर्षं, शेकडो अक्षरं, मजकूर एकच. ‘टेस्ट निगेटिव्ह. इंजेक्शन दिले. रुग्णाला त्रास नाही.’ ‘टेस्ट निगेटिव्ह. इंजेक्शन दिले. रुग्णाला त्रास नाही.’ ती पानं उलटत राहिली. नऊ वर्षांपूर्वीच्या एका पानावर, तळाशी, उजवीकडे झुकलेल्या बारीक अक्षरात वेगळी ओळ होती.

‘थांबले. टेस्ट पॉझिटिव्ह. इंजेक्शन दिले नाही.’

त्याच्यावर लाल शाईने शेरा: ‘नापास’.

त्या रात्री तिने पलंगावर बसून बातमीला विचारलं, “समज, एखाद्या रुग्णाला औषध सोसत नाही हे तुला माहितीये. पण दिलं नाहीस तर तू नापास. काय करशील?”

“रुग्ण कोण?”

“समज, रबराचा.”

बातमीने दिवा बंद केला. “देईन,” अंधारातून ती म्हणाली. “आणि पास झाल्यावर तुला डॉक्टरकडे नेईन.”

परीक्षा सकाळी अकराला होती. प्रत्येकीला वीस मिनिटं. बाहेर बाकावर मुली ओठ हलवत पाच बरोबर म्हणत बसल्या होत्या. मशीनच्या चिठ्ठीत निघालं: ‘ताप, घशाला सूज. टेस्ट करून पेनिसिलिन दंडात द्या.’ तिने चिठ्ठी दोनदा वाचली. चिठ्ठी बदलली नाही.

खोलीत पाचबरोबर मॅडम गुणांचा तक्ता घेऊन उभ्या होत्या. खिडकीपाशी खुर्चीत नवीन परीक्षक. म्हातारी, जाड चष्म्याची कुणी असेल असं मशीनला वाटलं होतं. ही बाई फार तर तिशीची होती. साधा ड्रेस, मांडीवर वही, आणि नजर अशी की मशीनची बोटं दारातच वाजायला लागली.

“सुरू कर,” मॅडम म्हणाल्या.

मशीनने हात धुतले. साबण दोनदा निसटला. लेबल वाचलं, तारीख पाहिली, सिरिंज भरली. सुईचं टोक हवेत कशिदा काढत होतं. मॅडमनी डोळे मिटून घेतले. टेस्ट कशीबशी झाली. हिरव्या पेनाने गोल काढला. आजचा बटाटा तर जमिनीतून नुकताच उपटल्यासारखा, शेपटीसकट.

“पंधरा मिनिटं,” मशीन म्हणाली, आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली.

मॅडमनी थोडी वाट पाहिली. “झाली म्हण.”

“व्हायचीयेत मॅडम.”

“अगं, निगेटिव्ह धर आणि पुढे जा. इंजेक्शनला बारा गुण आहेत. ते गेले तर तू पास होत नाहीस.”

“धरता येत नाही मॅडम. तुम्हीच सांगितलंय, जिवंत माणूस समजून करायचं.”

“समजून म्हटलं होतं मी,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “खरंच नव्हे.”

परीक्षकांनी मांडीवरची वही मिटली.

चार मिनिटं. बाहेर कुणीतरी खोकलं. मशीनला बाबा दिसले, चुकून नंबर लागलेल्या त्या माणसाला परत फोन करून मुलगी नर्स झाली नसल्याचं सांगताना. सात मिनिटं. तिचा हात ट्रेला लागून ट्रे किणकिणत होता. तिने हात मागे घेतला, तर छातीवरच्या बिल्ल्याची पिन किणकिणायला लागली. नऊ. गोलात काहीच नव्हतं. आजच काही उठलं नाही तर? सगळी उठाठेव उन्हाची आणि उपाशीपोटीची असेल तर? ती रबरासाठी नापास होणारी जगातली दुसरी मुलगी ठरेल.

अकरा मिनिटांनी गोलाच्या मध्यावर फिकट ठिपका आला.

बारा.

कड लाल झाली.

काकांचं तोंड सकाळी मावशींनी सरळ केलं होतं. छताकडे.

मशीनने गांधेवरून नजर काढून वर पाहिलं. तोंड छताकडे नव्हतं. भिंतीकडेही नव्हतं. पहिल्यांदाच ते तिच्याकडे होतं.

तपकिरी डोळे तिच्यावर होते. कुणी बघतंय असं कळलं की तिच्या बोटांना कापरं भरतं. तिने बोटांकडे पाहिलं.

बोटं थांबली होती.

पंधरा.

तिने पेन उचललं आणि फाईलमध्ये लिहिलं. अक्षर सरळ आलं. ‘थांबले. टेस्ट पॉझिटिव्ह. इंजेक्शन दिले नाही. डॉक्टरांना कळवावे.’ मग दंडासाठी भरायला ठेवलेली सिरिंज कोरीच बाजूला सारली.

“काय लिहिलंस?” मॅडम पुढे आल्या. “पॉझिटिव्ह? कुठाय?”

परीक्षक उठल्या. मॅडमच्या आधी खाटेपाशी आल्या, वाकल्या. मग त्यांनी काकांची बाही हळूच ओढून हात झाकला, एखाद्या झोपलेल्या माणसाचा झाकावा तसा.

“मॅडम, जरा बाहेर पुढच्या मुलीला थांबायला सांगता का?” त्या म्हणाल्या. मॅडम गेल्या. दार लागलं.

“कधीपासून माहितीये?”

“आठ दिवस.”

परीक्षकांनी फाईल मागे उलटली. शोधावं लागलं नाही, पान आपसूक सापडलं. उजवीकडे झुकलेल्या बारीक अक्षरावर त्यांनी बोट ठेवलं. त्यांची बोटंही तशीच उजवीकडे झुकलेली होती.

“मला त्यांनी नापास केलं,” त्या म्हणाल्या. “सहा महिन्यांनी परत बसवलं. तीच चिठ्ठी निघाली. घरी धाकट्या दोन बहिणी होत्या, मला नोकरी हवी होती. मी गांध उठलेली पाहिली, निगेटिव्ह लिहिलं, आणि दिलं.”

“मग?”

“पास झाले.” त्यांनी फाईल मिटली. “दुसऱ्या दिवशी इथे आले तर काका नव्हते. मानेपासून काळेनिळे पडले होते म्हणे. स्टोअरवाल्यांनी ‘माल खराब’ लिहून दिलं. हे दुसरे आहेत. फाईल मात्र तीच ठेवली.”

मशीनने मिटलेल्या फाईलकडे पाहिलं. “पण बाकीच्या मुली तर रोज देतात. त्यांच्या हातून काही होत नाही.”

“त्या बघत नाहीत ना. न बघणाऱ्याच्या हातात ते पाणीच असतं.” त्या दाराकडे वळल्या. “असं मला वाटतं. मला काहीच माहीत नाही. तू नोकरीला लागलीस की थांबत जा, एवढंच.”

पाचबरोबर मॅडम परत आल्या तेव्हा तक्त्यात इंजेक्शनच्या बारा गुणांसमोर बारा लिहिलेले होते. मॅडमनी तोंड उघडलं.

“दिलं नाही, ते बरोबर होतं,” परीक्षक म्हणाल्या.

मॅडमनी तक्त्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, झाकलेल्या हाताकडे पाहिलं. तोंड मिटलं. पुढच्या महिन्यापासून त्यांच्या वर्गात टेस्टनंतर पंधरा मिनिटं खरोखर थांबायचा नियम झाला. वेळापत्रक कोलमडलं, प्राचार्य चिडले, मुली त्या वेळात डबा खायला लागल्या. आणि मॅडमचं नाव ‘सहाबरोबर मॅडम’ झालं. बातमीने ते आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

बाबांनी केक सांगितला. त्यावर नाव आधीच लिहून आणलं होतं, मागच्या दोन्ही खेपांना फ्रीजमध्ये ठेवलेली साखरेची तीच पाटी वापरून.

तीन महिन्यांनी मशीन एका मोठ्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात रुजू झाली. तिथे तिला कुणी मशीन म्हणत नसे. कारणच उरलं नव्हतं. डॉक्टर बघोत, नातेवाईक बघोत, हात जागेवर.

एका सकाळी साडेदहाला चौदा नंबरच्या खाटेवर नवा रुग्ण आला. घशाला सूज, ताप, आवाज पार बसलेला. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर घाईत होत्या.

“चौदाला पेनिसिलिन दे गं. टेस्ट खाली झालीये, निगेटिव्ह आहे.”

मशीनने कागद पाहिला. टेस्टची वेळ दहा वाजून बारा मिनिटं. निकालाची वेळ दहा वाजून बारा मिनिटं.

“मी परत करते, सिस्टर.”

“पंधरा मिनिटं घालवशील!”

“हो.”

मोठ्या सिस्टरनी कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या खाटेकडे गेल्या. मशीनने तातडीच्या औषधांचा ट्रे शेजारी आणून ठेवला, चौदाचा पडदा ओढला. माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिने नाव विचारलं, त्याने घोगऱ्या आवाजात सांगितलं. काय करतेय ते तिने सांगितलं. डावा हात सैल सोडा म्हटलं, त्याने सोडला. सुई आडवी, एवढासा थेंब. खिशातून हिरवं पेन काढून तिने गोल काढला. गोल अगदी गोल आला. मग ती स्टूल ओढून बसली, पूर्ण पंधरा मिनिटं, आणि त्या वेळात तिने कुठलाही फोन घेतला नाही.

अकराव्या मिनिटाला ठिपका आला. पंधराव्याला नाण्याएवढी गांध. लाली गोलाबाहेर गेली होती.

डॉक्टर धावत आले, औषध बदललं, कागदावर ठळक लाल अक्षरात इशारा लिहिला. “खालचा कागद मानून दिलं असतंत तर हा माणूस संध्याकाळ बघत नव्हता,” ते म्हणाले. दुपारी मोठ्या सिस्टरनी आपल्या डब्यातलं अर्धं मशीनसमोर सरकवलं. त्या वॉर्डात याहून मोठं पदक नव्हतं.

सगळे पांगल्यावर मशीन चौदाची नाडी बघायला आली. चांगली होती. श्वास मोकळा. तिने फाईल उघडली. वय, पंचेचाळीस. वेळ लिहिली, सही केली, आणि सवयीने विचारलं, “दुखलं का?”

“नाही,” भिंतीकडे तोंड केलेला तो माणूस म्हणाला. आवाज आता पुष्कळ सुधारला होता. “गोल छान जमतो हो तुम्हाला आता. आधी बटाटा काढायचात.”

तिच्या हातातलं पेन हललं नाही. तो तिच्याकडे वळून हसला. चांगलं, दमलेल्या माणसाचं हसू. डोळे तपकिरी होते.

“झोपतो जरा,” तो म्हणाला, आणि त्याने तोंड पुन्हा भिंतीकडे फिरवलं. मानेत ‘कर्र’ असा बारीक आवाज झाला.